पुन्हा काढायचाच तर फसलेला विज्ञानपट काढा

अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. त्यांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं. तेही कालिदासाचंच नाटक, नव्याने बांधलेलं. पुढे ते अनेक संचांत झालं, आणि ‘हे परत कशाला’ असं कुणी विचारत बसलं नाही. पण गाजलेल्या जुन्या विज्ञानपटाचा रिमेक येतोय अशी बातमी आली की बेळगावातल्या चहाच्या गाड्यापासून निपाणीच्या कॉलेजकट्ट्यापर्यंत एकच सूर निघतो: ‘जुनंच परत कशाला करूल्यात?’

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर ‘करूच नये’ असं नाही. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. पुन्हा बघायचा तर पुन्हा उभा करावाच लागतो. चित्रपट रिळावर राहतो. १९५१ साली त्यात काम केलेला नट आजही त्याच वयाचा असतो, त्याच जागी उभा असतो. म्हणून नाटकाला नवा संच लागतोच. चित्रपटाचा रिमेक ही मात्र चैन आहे आणि तिचं कारण देता आलं पाहिजे. माझ्या मते कारण एकच चालतं: मूळ कथेतलं काहीतरी पहिल्या चित्रपटात उतरलंच नव्हतं. ते पैशाअभावी राहिलं असेल, तंत्राअभावी राहिलं असेल, नाहीतर स्टुडिओने कापायला लावलं असेल. असं काही शिल्लक असेल तर रिमेक जरूर काढावा. सगळं जमून गेलेल्या चित्रपटाला हात लावू नये. निर्माते नेमकं उलटं करतात, कारण त्यांना नाव विकायचं असतं आणि नाव जमलेल्या चित्रपटालाच असतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांचा फाउंड्रीशी, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्याशी, संबंध आला आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्याचा ठसा वाळूत घेऊन साचा करतात तो नमुना, तेवढा मोठा ठेवतात. पॅटर्न हाताशी नाही म्हणून कुणी तयार कास्टिंगच, म्हणजे ओतून निघालेला नगच, वाळूत दाबून साचा घेतला, तर निघणारा नग एक टक्क्याने लहान येतो. त्यावरून तिसरा काढला तर आणखी लहान. वर पहिल्या नगावरचा प्रत्येक खड्डा पुढच्या नगात इमानेइतबारे उतरतो. विज्ञानपटात मूळ कथा हा पॅटर्न आणि तिच्यावरचा पहिला चित्रपट हे कास्टिंग. रिमेक कशावरून काढलाय एवढं बघितलं तरी तो कसा निघणार याचा बराचसा अंदाज येतो.

कथेवरून काढलेल्या रिमेकचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जॉन कार्पेंटरचा १९८२ चा ‘द थिंग’. कथा जॉन कॅम्पबेल यांची, १९३८ सालची. अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर बर्फात गाडलेला परग्रहावरचा जीव सापडतो. तो ज्याला गिळतो त्याची हुबेहूब नक्कल बनतो, त्यामुळे तळावर कुणाचाच कुणावर भरवसा उरत नाही. १९५१ मध्ये हॉवर्ड हॉक्स यांच्या निर्मितीत यावर पहिला चित्रपट निघाला तेव्हा ही नक्कलच गाळली गेली. तळ उत्तर ध्रुवाकडे हलला आणि जीव झाला वनस्पतीच्या जातकुळीचा एक धिप्पाड माणूस, म्हणजे मेकअप चढवलेला जेम्स आर्नेस. चित्रपट टाकाऊ नाही. संवाद चटपटीत आहेत, आणि दार उघडल्यावरचा दचका आजही बसतो. पण ‘तू तूच आहेस कशावरून?’ हा कथेचा प्राण त्यात नाही.

कार्पेंटर थेट कथेकडे गेला. त्यातला रक्तचाचणीचा प्रसंग ज्यांना पटकथा लिहायची आहे त्यांनी थांबून थांबून बघावा. संशयितांना बांधून बसवलंय. प्रत्येकाचं रक्त काचेच्या छोट्या बशीत काढून ठेवलंय. नायक तांब्याची तार आगीवर लाल करतो आणि एकेका बशीत बुडवतो. तर्क असा की या जीवाचा प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र प्राणी असतो, म्हणून त्याच्या रक्ताचा थेंबसुद्धा चटका बसला की जीव वाचवायला पळेल. तार चुर्रकन विझते, काही होत नाही. पुन्हा चुर्र, पुन्हा काही नाही. आपण त्या आवाजाला सरावतो. नायक भलत्याच माणसावर संशय धरून त्याला सुनावत असतो, लक्ष तिकडे गेलेलं असतं, आणि त्याच क्षणी हातातल्या बशीतलं रक्त उसळतं. यात यंत्रकाम फार नाही. भीती तर्कातून आली आहे आणि तर्क कथेतला आहे. रॉब बॉटिनने केलेली रबराची, फोमची, तारा आणि पंपांवर चालणारी शरीरं चित्रपटभर येतात. तर्क पटलेला असतो म्हणून ती शरीरंही खरी वाटतात.

आता पुढचं. २०११ मध्ये याच नावाने त्या गोष्टीच्या आधीची गोष्ट सांगणारा चित्रपट आला. त्यासाठी प्रत्यक्ष चालणारी बाहुली-शरीरं तयार केली होती, चित्रीकरणही झालं होतं, आणि नंतर बहुतेकांवर संगणकावरचं चित्र चढवलं गेलं. दोष संगणकाचा नाही. कथा मागे राहिली होती आणि सगळ्यांची नजर १९८२ च्या चित्रपटावर होती, म्हणून चाचणीचा प्रसंगही ‘तसाच, पण थोडा वेगळा’ एवढाच उरला.

कास्टिंगवरून साचा घेतल्याची खूण ओळखायची तर २०१२ चा ‘टोटल रिकॉल’ बघावा. फिलिप के. डिक यांच्या १९६६ च्या कथेत एका साध्या कारकुनाला मंगळावर जायची ओढ लागलेली असते. तीच ओढ सगळं घडवते. १९९० च्या चित्रपटात मंगळ होता, तिथली वसाहत होती, किरणोत्सर्गाने शरीरं बिघडलेली माणसं होती आणि त्यांच्यातली एक तीन स्तनांची बाई होती. २०१२ वाल्यांनी मंगळच काढून टाकला. पण ती बाई ठेवली! मंगळ नाही, बिघडलेली माणसं नाहीत, मग ही कुठून आली? जुन्या नगावरून नव्या नगावर उतरलेला खड्डा आहे तो.

‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ची गत आणखी विचार करण्यासारखी आहे. १९५१ च्या चित्रपटात परग्रहावरचा दूत माणसांना अणुयुद्धाबद्दल ताकीद द्यायला येतो. त्याच्यासोबतचा गॉर्ट नावाचा यंत्रमानव म्हणजे सूटमध्ये शिरलेला सात फुटांहून उंच लॉक मार्टिन. त्या रबरी सूटला शिवण दिसू नये म्हणून दोन सूट केले होते, एकाची लेस पुढे आणि दुसऱ्याची मागे. कॅमेरा समोर असला की मागच्या लेसचा घालायचा, पाठमोरा शॉट असला की पुढच्या लेसचा. मार्टिनच्या अंगात नायिकेला उचलण्याएवढी ताकद नव्हती, म्हणून तिला तारांचा आधार दिला. एवढ्या अडचणींमुळे गॉर्ट फार हलतच नाही. आणि तो हलत नाही म्हणूनच धाक वाटतो. २००८ च्या रिमेकमध्ये गॉर्टचे असंख्य यांत्रिक किडे होतात, ते सगळं फस्त करत सुटतात आणि धाक तिथेच संपतो. अणुयुद्धाच्या जागी पर्यावरणाचा ऱ्हास आणला, हा बदल योग्य होता. पण या चित्रपटामागची हॅरी बेट्स यांची १९४० ची कथा काढून वाचली तर कपाळावर हात मारावासा वाटतो. कथेचा शेवट असा की आपण ज्याला नोकर समजत होतो तो यंत्रमानवच मालक निघतो. १९५१ वाल्यांनी हा शेवट घेतला नाही, २००८ वाल्यांनीही घेतला नाही. आज यंत्राने माणसाला हुकूम देण्याची चर्चा घराघरांत चालू असताना हा शेवट कोरा पडून आहे. म्हणजे रिमेक झाला तरी पॅटर्न अजून वापरलेलाच नाही.

‘द फ्लाय’बद्दल थोडक्यात. १९५८ मध्ये वस्तू एका जागेवरून दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्रात माणसाचं आणि माशीचं डोकं-हात एका झटक्यात बदलतात. १९८६ मध्ये डेव्हिड क्रोनेनबर्गने तेच आठवड्यांवर पसरवलं. दोघांचे जनुक एकत्र होतात आणि माणूस हळूहळू झडत जातो. एवढ्या एका बदलाने भुताची गोष्ट आजारपणाची झाली.

माझ्या मताविरुद्ध जाणारं एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या भागाच्या फार जवळचं आहे. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ हा १९५६ चा चित्रपट बऱ्यापैकी जमलेला होता. जॅक फिनी यांची कादंबरी त्याच्या आदल्या वर्षीची. एका लहान गावात डॉक्टरकडे लोक येऊन सांगू लागतात: माझा काका माझा काका नाही. चेहरा तोच, आवाज तोच, आठवणीही त्याच, पण डोळ्यांत काही उरलेलं नाही. परग्रहावरून आलेल्या शेंगांमधून माणसांच्या प्रती तयार होत असतात. स्टुडिओने दिग्दर्शक डॉन सीगलला सुरुवात आणि शेवट जोडायला लावला, म्हणून मूळची निराशा जरा सौम्य झाली. पुढे १९७८ मध्ये फिलिप कॉफमनने तीच गोष्ट सान फ्रान्सिस्कोत नेली, १९९३ मध्ये एबल फेराराने लष्करी तळावर नेली, आणि २००७ मध्ये ‘द इन्व्हेजन’ नावाने ती पुन्हा आली. १९७८ चा काहींना पहिल्यापेक्षाही सरस वाटतो, मलाही. २००७ चा मात्र अर्ध्यात दुसऱ्यांच्या हाती गेला, बराच भाग नव्याने लिहून चित्रित केला आणि जोड दिसत राहिला.

जमलेल्या चित्रपटाचा रिमेक इथे का चालला? कारण गोष्ट एका भीतीचा साचा देते आणि आत काय भरायचं ते प्रत्येक ठिकाणाला ठरवू देते. लहान गाव, महानगर, छावणी. आता यात सीमाभाग घालून बघा. १९५६ हे त्या चित्रपटाचं वर्ष. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मागे राहून कोल्हापूर जिल्ह्यात गेला. घरं तीच, विहिरी त्याच, पाहुणे त्याच गावांत, आणि एका रात्रीत राज्य दुसरं. सख्ख्या बहिणींची सासरं दोन राज्यांत गेली. इथल्या माणसाला ‘सगळं तेच आहे, तरी काहीतरी तेच नाही’ ही भावना समजावून सांगावी लागत नाही.

पण इथेच मोठा खड्डाही आहे. मराठी चित्रपटात शेंगेतून निघालेले सगळे कानडी बोलले, किंवा कन्नड चित्रपटात मराठी बोलले, तर तो विज्ञानपट राहणार नाही. ती निवडणुकीची सभा होईल आणि दुसऱ्या दिवशी बस फुटतील. मी लिहायला बसलो असतो तर नक्कल ओळखायची खूण उलटी ठेवली असती. बेळगावचा खरा माणूस कधीच एका भाषेत बोलत नाही. त्याच्या मराठीला कानडी वळण असतं, कानडीत मराठी शब्द असतात, शिव्या तर दोन्हीकडच्या. ‘काय करूलास?’ म्हणणारा दादा एका सकाळी ‘तू काय करतो आहेस?’ असं पाठ्यपुस्तकी विचारतो. पलीकडच्या गल्लीतले अण्णा तितकीच सोवळी, छापील कानडी बोलू लागतात. शेंगेतून निघालेली माणसं शुद्ध बोलतात! हा रिमेक अजून कुणी केलेला नाही आणि तो इथल्याशिवाय कुणाला जमणारही नाही. पाचव्यांदा काढला तरी मी तिकीट काढीन.

रिमेकच्या बाजूने नेहमी येणारा मुद्दा असा की नवी पिढी जुनं बघत नाही. काळं-पांढरं नको, तारा दिसतात, भाषा कळत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींवर रिमेक हा फार महागडा इलाज आहे.

तारांचंच बघू. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या १९५३ च्या चित्रपटात मंगळावरची यानं बारीक तारांवर लटकवलेली होती. मूळच्या टेक्निकलर प्रिंटमध्ये रंग एकेक करून फिल्मवर छापले जात. त्या छपाईत थोडा मऊपणा असे आणि तारा त्यात विरून जात. पुढे साध्या ईस्टमन रंगीत फिल्मवर प्रिंट निघू लागले तेव्हा तारा उघड्या पडल्या. मग दोन पिढ्या त्या चित्रपटाला हसल्या. हसण्यासारखी चूक मूळ कारागिरांची नव्हती, नंतरच्या छपाईची होती. २०१८ मध्ये फोर-के पुनर्संस्करण, म्हणजे जुन्या फिल्मची बारकाईने संगणकावर दुरुस्ती झाली, रंग मूळ प्रिंटशी ताडून घेतले आणि तारा पुसल्या. आता तोच चित्रपट १९५३ च्या प्रेक्षकाला जसा दिसला होता त्याच्या जवळपास दिसतो. दोन तासांच्या चित्रपटात, सेकंदाला २४ या हिशेबाने, १,७२,८०० चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे हे काम सोपं नाही. तरी मोठ्या रिमेकच्या खर्चापुढे ते किरकोळच.

काम लवकर करावं लागतं, कारण फिल्म थांबत नाही. जुन्या ॲसिटेट फिल्मला उष्णता आणि दमट हवा लागली की ती ॲसेटिक ॲसिड सोडू लागते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. सुटलेलं ॲसिडच पुढची झीज वाढवतं, म्हणून एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया वेग धरत जाते. फिल्म आकसते, वळते, कडेची छिद्रं मशीनच्या दात्यांवर बसेनाशी होतात. अशी रिळं बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी लागतात. ईस्टमन रंगांतला निळसर रंग आधी उडतो, म्हणून जुने प्रिंट गुलाबी दिसतात. खानापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते तिथे रीळ काय टिकणार! गावातल्या बंद टॉकीजमध्ये किंवा कुणाच्या माळ्यावर डबे सापडले तर ते प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह आवरावा, आकसलेली फिल्म तिथेच फाटते. डबे कोरड्या, थंड जागी आडवे ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावं. ते १९६४ पासून हेच काम करतंय.

मूळ गेलं की रिमेकचं मोल तरी कशाशी ताडणार? कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि १९३६ मध्ये स्वतःच तो बोलपट म्हणून पुन्हा काढला. मूकपट आज उपलब्ध नाही. बोलपट पहिल्यापेक्षा चांगला होता की वाईट, हे बघून ठरवायची सोयच उरली नाही. तिकडे ‘स्टार वॉर्स’मध्ये १९९७ साली जॉर्ज लुकास यांनी नवी दृश्यं घुसवली आणि तीच आवृत्ती खरी मानली जाऊ लागली. १९७७ चा मूळ चित्रपट नंतर २००६ च्या डीव्हीडीसोबत जादा भाग म्हणून मिळाला, तोही जुन्या लेझरडिस्कसाठीच्या प्रतीवरून. हे रिमेकपेक्षा वाईट. रिमेक निदान मूळ चित्रपटाच्या शेजारी उभा राहतो, त्याची जागा बळकावत नाही. माझी अट म्हणून साधी आहे: ज्या कंपनीला रिमेक काढायचा आहे तिने आधी मूळ चित्रपट नीट करून, न बदलता, बाजारात ठेवावा.

भाषेचा मुद्दा मात्र खरा होता. कर्नाटकात डबिंगला कायद्याची बंदी नव्हती, चित्रपट व्यवसायातल्या संघटनांचा विरोध होता आणि तो बंदीइतकाच कडक होता. त्यामुळे परभाषेतली गोष्ट कन्नडमध्ये यायची ती मुख्यतः रिमेक होऊनच. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हा विरोध स्पर्धा कायद्याचा भंग ठरवून दंड केला. मराठीत असा दंडक नव्हता, पण हॉलिवूडपट मराठीत करण्याएवढा बाजार कुणाला दिसला नाही. १९९४ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला आणि तेव्हापासून इथल्या प्रेक्षकाचे परग्रहवासी हिंदीतच बोलतात. आज ही अडचण उपशीर्षकांनी सुटते. दोन तासांच्या बोलक्या चित्रपटाला हजार-दीड हजार ओळी लागतात. एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर किमान एक सेकंद, सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि शॉट बदलला की ओळही बदललेली बरी. नाहीतर डोळा तीच ओळ परत वाचायला जातो. कडोली, उचगाव, येळ्ळूरला गावोगाव साहित्य संमेलनं भरवणाऱ्या माणसांना हे जड नाही.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ला कुणी हात लावू नये, याचं स्पष्टीकरण एका वाक्यात देता येतं: यानातलं फिरतं दालन दाखवायला दिग्दर्शक कुब्रिकने ३८ फूट व्यासाचं चाक खरोखर बांधून फिरवलं, आणि त्यात राहून गेलेलं असं काही नाही.

मग काढायचं काय, आणि आपल्याला काढता येईल का? २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’कडे बघा. १९५४ च्या मूळ चित्रपटात सुमारे १०० किलोचा सूट घालून माणूस छोट्या शहरावरून चालला होता. तोच राक्षस ताकाशी यामाझाकीने युद्धात हरलेल्या जपानात नेला. ३५ जणांनी ६१० दृश्यं केली, खर्च दीड कोटी डॉलरच्या आत राहिला, आणि २०२४ मध्ये दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक आणि दृश्य परिणामांचा प्रमुख एकच माणूस होता, त्यामुळे नको असलेलं दृश्य करण्यात वेळ गेला नाही. आपल्याकडे दीड कोटी डॉलर नाहीत. पण शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीचे हलते देखावे बांधणारे हात आहेत, पॅटर्न कोरणारे सुतार आहेत, आणि लहान प्रतिकृतीला तेच लागतात.

प्रतिकृती खोटी दिसते ती बहुधा वेगामुळे. पाच मीटरवरून पडणारा दगड जमिनीवर यायला साधारण एक सेकंद घेतो. पंचविसाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीत ती उंची २० सेंटिमीटर, आणि दगड ०.२ सेकंदात खाली. म्हणजे पाचपट घाई. प्रमाणाचं वर्गमूळ काढायचं: पंचविसाचं पाच, म्हणून २४ च्या पाचपट, १२० चौकटी प्रतिसेकंद या वेगाने चित्रित करून २४ ने दाखवायचं. हा वेग आज साध्या फोनवर असतो. लेन्स प्रतिकृतीतल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर हवी, ती येते साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. फोन उलटा धरला की लेन्स जमिनीलगत जाते. उजेड पाचपट लागतो, कारण प्रत्येक चौकटीला वेळ पाचवा हिस्साच मिळतो. इथे बहुतेक जण घरातले एलईडी लावतात आणि फसतात. आपल्या विजेवर स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, डोळ्याला कळत नाही, पण १२० चौकटींत चित्र लपलपतं. भर उन्हात नाहीतर बॅटरीवरच्या चांगल्या दिव्यात काम करावं. पाणी आणि ज्वाळा पंचविसाव्या हिश्श्यात अजिबात घेऊ नयेत. पाण्याचा थेंब लहान होत नाही, म्हणून पूर नळाच्या धारेसारखा दिसतो. त्याला चौथा-पाचवा हिस्सा तरी मोठी प्रतिकृती हवी.

हक्कांचंही आधी बघावं. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कुणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. (तो खटला पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांच्या प्रांतिक भांडणावरच्या नाटकाचा होता, हे सीमाभागात ऐकायला मजेशीर वाटतं.) भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. कॅम्पबेल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत थांबा. बेट्स १९८१, म्हणजे २०४१. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले, त्यांच्या कथांसाठी वारसांची लेखी परवानगी हवीच. एच. जी. वेल्स १९४६ ला गेले, ते २००७ पासून आपल्याकडे मोकळे आहेत.

आणि वेल्सकडेच फसलेला माल आहे. ‘द फूड ऑफ द गॉड्स’ ही १९०४ ची कादंबरी. दोन शास्त्रज्ञ वाढ न थांबू देणारं खाद्य शोधतात. प्रयोगाच्या शेतावरचे राखणदार निष्काळजी असतात, खाद्य सांडतं, कोंबड्या, गांधीलमाश्या, उंदीर, खाजकुयली सगळं राक्षसी वाढतं. पण कादंबरीचा खरा भाग पुढे आहे: हेच खाद्य मुलांना दिलं जातं, ती मुलं अवाढव्य होतात आणि लहान माणसं त्यांना जगू देत नाहीत. १९७६ मध्ये बर्ट गॉर्डनने यावर चित्रपट काढला तेव्हा फक्त प्राणी उचलले. खऱ्या उंदरांना छोट्या मोटारींवरून आणि घरांवरून पळवलं, आणि मुलांचा भाग सोडूनच दिला. पॅटर्नचा अर्धा भाग त्या चित्रपटात वाळूत गेलाच नाही. खतं, संप्रेरकं, एकरी उतारा यांवर रोज वाद घालणाऱ्या चिकोडी-अथणी पट्ट्यात ही गोष्ट आणून बसवायला कष्ट पडणार नाहीत.

सुरुवात कोंबडीपासून करता येईल. सहाव्या हिश्श्याचं घर बांधा, दोन मीटरचं दार ३३ सेंटिमीटरचं होईल. त्यात ४० सेंटिमीटरची गावठी कोंबडी सोडली की ती जवळजवळ अडीच मीटरची दिसते. सहाचं वर्गमूळ अडीचच्या आसपास, म्हणून ६० चौकटींचा वेग पुरतो आणि मानेचे झटके मंदावून तिला वजन येतं. घर थर्माकोलचं करू नका, कोंबड्या थर्माकोल आवडीने टोचून खातात. सेट जाईल आणि कोंबडीही. प्लायवूड वापरा. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर प्राणी वापरल्याबद्दल प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधीच घ्या. सेन्सॉरकडे गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि राक्षसी पीक म्हणून ऊस घेऊ नका. तो मुळातच दहा-बारा फूट वाढतो, तीस फुटांचा दाखवलात तरी अथणीच्या शेतकऱ्याला फार तर नवी जात वाटेल आणि तो बेण्याचा भाव विचारेल. मेथी घ्या. मेथीची काडी पत्र्याच्या छपरावरून वर गेलेली दिसली की काय घडलंय ते कुणाला सांगावं लागणार नाही.